वाकण्यासाठीच बसवलेले पोलाद

भूकंपानंतर इमारत उभी राहिली म्हणजे ती वाचली, असे आपण सहज म्हणतो. पण उभे राहणे आणि वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २२ फेब्रुवारी २०११ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराला बसलेल्या भूकंपात १८५ माणसे मृत्युमुखी पडली. शहराच्या मध्यभागातील बहुतेक आधुनिक बहुमजली इमारती मात्र कोसळल्या नाहीत. आतल्या माणसांना जिवंत बाहेर पडता यावे, हे त्यांच्या रचनेमागचे उद्दिष्ट होते आणि ते त्यांनी पूर्ण केले. तरीही पुढच्या काही वर्षांत त्यांपैकी कितीतरी इमारती पाडाव्या लागल्या, कारण तुळयांच्या टोकांशी पडलेल्या भेगा, आत ताणल्या गेलेल्या सळ्या आणि थोडासा का होईना पण कायमचा कललेला सांगाडा यांची दुरुस्ती करण्यापेक्षा नवी इमारत बांधणे सोयीचे ठरत होते.

म्हणून स्थापत्य अभियंत्यांपुढचा प्रश्न ‘इमारत पडू कशी द्यायची नाही’ एवढाच राहिलेला नाही. मोठ्या भूकंपात काहीतरी मोडणार, वाकणार, झिजणार हे मान्य केले, तर ते नेमके कुठे व्हावे आणि नंतर ते बदलता कसे यावे, हा त्यापुढचा प्रश्न आहे. पोलादी डॅम्पर हे त्याचे अतिशय थेट उत्तर आहे. इमारतीत असे काही पोलादी भाग बसवायचे, की भूकंपात बाकीच्या सांगाड्याआधी तेच वाकतील, पिळले जातील, पुन्हा सरळ होऊन पुन्हा वाकतील, आणि हे करताना भूकंपाने इमारतीत ओतलेली ऊर्जा स्वतःमध्ये जिरवतील.

ही ऊर्जा येते कुठून, हे आधी पाहू. भूकंपात जमीन सरकते आणि इमारतीचा पाया तिच्याबरोबर सरकतो. वरचे मजले मात्र आपल्या वस्तुमानामुळे जागच्या जागी राहू पाहतात. त्यामुळे सांगाडा एखाद्या पट्टीसारखा ओढला जातो, मग वरचे मजले उशिराने मागून येतात, तोवर जमीन उलट दिशेला गेलेली असते, आणि अशा रीतीने इमारत झुलू लागते. झुलणाऱ्या इमारतीत ऊर्जा साठलेली असते आणि ती कुठेतरी खर्च झाल्याशिवाय झुलणे थांबत नाही. झोपाळा आपोआप थांबतो तो हवेच्या विरोधामुळे आणि कड्यांच्या घर्षणामुळे. इमारतीतही सांधे, भिंती आणि जोडकाम यांत थोडी ऊर्जा जिरते. पण पोलादी चौकटीच्या इमारतीत हे नैसर्गिक अवमंदन, म्हणजे झोका शमवण्याची क्षमता, गणितात इमारत न झुलताच थांबेल अशा अवमंदनाच्या साधारण २ टक्केच धरले जाते. जमिनीच्या हादऱ्यांची लय इमारतीच्या स्वतःच्या लयीशी जुळली, तर इतके थोडे अवमंदन अजिबात पुरत नाही आणि प्रत्येक झोक्यागणिक डोलणे वाढत जाते.

पारंपरिक रचनेत उरलेली ऊर्जा जिरवण्याचे काम तुळयांच्या टोकांवर सोपवलेले असते. खांब सशक्त ठेवायचे, तुळया त्यामानाने कमजोर ठेवायच्या आणि मोठ्या भूकंपात तुळयांच्या टोकांनी वाकून ऊर्जा खर्च करायची, असा हा विचार आहे. न्यूझीलंडमधील अभियंत्यांनी विशेषतः १९७०च्या दशकात त्याची काटेकोर पद्धत बनवली आणि या विचाराने असंख्य प्राण वाचवले आहेत, हे आवर्जून नोंदवायला हवे. त्याची अडचण एवढीच की जी तुळई वाकायची, तीच तुळई मजल्याचे वजनही पेलत असते. एकाच भागाला रोजचे ओझे वाहायला लावायचे आणि आपत्तीच्या वेळी त्यालाच मोडायलाही लावायचे, ही तडजोड आहे. १७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज भूकंपात हे ठळकपणे दिसले. जे सांधे छान वाकतील असे मानले जात होते, त्यांच्या वेल्डिंगमध्ये बऱ्याच पोलादी इमारतींत ठिसूळ तडे गेले. बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमधील कोबेच्या भूकंपातही पोलादी चौकटींचे सांधे तडकले. डॅम्परची कल्पना या दोन्ही भूकंपांपेक्षा जुनी आहे, पण तिचा प्रसार या अनुभवांनंतर खऱ्या अर्थाने वेगाने झाला.

आता पोलादाकडे वळू. इमारतीत वापरल्या जाणाऱ्या साध्या पोलादाची एक मीटर लांबीची सळई ओढली, तर सुमारे सव्वा मिलिमीटर लांबेपर्यंत ती स्प्रिंगसारखी वागते आणि सोडली की पूर्ववत होते. या टप्प्यात तिला दिलेली सगळी ऊर्जा ती परत करते, आणि इमारतीसाठी परत आलेली ऊर्जा म्हणजे उलट दिशेचा पुढचा झोका. सव्वा मिलिमीटरच्या पुढे मात्र पोलाद ‘यील्ड’ होते, म्हणजे बळ फारसे न वाढताही ते लांबत राहते आणि सोडल्यावर पूर्ण मागे येत नाही. आत काय घडते ते पाहण्यासारखे आहे. पोलाद हे लोखंडाच्या असंख्य बारीक स्फटिकांचे बनलेले असते. स्फटिकांतील अणूंच्या रांगांमध्ये जागोजागी रचनेच्या चुका असतात आणि यील्ड झाल्यावर या चुका स्फटिकातून सरकू लागतात. जाड सतरंजी एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली, तर सगळी सतरंजी एकदम न ओढताही थोडी पुढे सरकते. अणूंचे थरही तसेच सरकतात. या सरकण्यात खर्च झालेली ऊर्जा परत येत नाही. तिची उष्णता होते.

हे हातात धरून पाहता येते. लोखंडी तारेचा तुकडा एकाच जागी सात-आठ वेळा भराभर इकडून तिकडे वाकवावा आणि वाकलेली जागा लगेच ओठाच्या वरच्या त्वचेला लावून पाहावी. ती गरम लागते. बोटांनी केलेले काम पोलादात शिरले आणि उष्णता होऊन बाहेर आले, एवढेच तिथे घडले आहे. तार आणखी वाकवत राहिले तर ती तुटते. डॅम्परचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका तारेत दिसतात.

थोडे आकडे मांडले की प्रमाणाचा अंदाज येतो. समजा एका डॅम्परमधील पोलाद ५०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५० टन वजनाइतक्या बळाला यील्ड होते, त्यासाठी त्याला २ मिलिमीटर सरकावे लागते, आणि भूकंपात ते दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरपर्यंत सरकते. एका पूर्ण फेऱ्यात स्प्रिंगसारख्या वागण्याचा वाटा वजा केला तर यील्ड झालेल्या अवस्थेत त्याचा प्रवास ७२ मिलिमीटर होतो, आणि त्यात ३६ किलोज्यूल ऊर्जा जिरते. एक टन वजन साडेतीन मीटरांहून थोड्या अधिक उंचीवरून पडताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढी ही ऊर्जा आहे. आणि ती एका डॅम्परने एका झोक्यात गिळलेली आहे. त्यात प्रत्यक्ष यील्ड होणारे पोलाद १०० किलो असेल तर प्रत्येक फेऱ्याला त्याचे तापमान एक अंशही वाढत नाही. वीस फेऱ्यांनंतरही ते पंधरा अंशांच्या आसपासच तापलेले असेल. पाडापाडी करणारी शक्ती इतक्या शांतपणे किंचित उबेत बदलता येते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

अभियंते बळ आणि सरकणे यांचा आलेख काढतात तेव्हा प्रत्येक फेऱ्याला एक बंद वळसा तयार होतो, त्याला हिस्टेरेसिस वळसा म्हणतात. वळशाने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे जिरलेली ऊर्जा. चांगल्या पोलादी डॅम्परचा वळसा भरलेला, जवळजवळ समांतरभुज चौकोनासारखा असतो आणि फेऱ्यामागून फेरा तसाच राहतो. डॅम्परची सगळी कारागिरी हा वळसा भरलेला ठेवण्यासाठीच असते.

या कामाची सुरुवात न्यूझीलंडमधील सरकारी संशोधन प्रयोगशाळेत झाली. केली, स्किनर आणि हाइन या संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी पोलादाचे पिळले जाणारे, वाकणारे आणि यू आकारात घरंगळणारे नमुने तयार करून तपासले. त्याच देशातील दक्षिण रांगिटिकेई नदीवरच्या, १९८१ साली वापरात आलेल्या रेल्वेपुलात पिळल्या जाणाऱ्या पोलादी डॅम्परचा उपयोग केलेला आहे. सत्तर मीटरांहून अधिक उंचीच्या त्याच्या खांबांचे पाय मोठ्या भूकंपात आळीपाळीने जमिनीवरून किंचित उचलले जावेत अशी ती रचना आहे, आणि हे उचलणे आवरून धरण्याचे काम पायथ्याशी बसवलेले पोलादी दांडे स्वतः पिळले जाऊन करतात.

इमारतींसाठी पुढे अनेक आकार निघाले, पण त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: पोलाद एकाच जागी न वाकता सगळीकडे सारखे कसे वाकेल? तारेचे उदाहरण पुन्हा आठवावे. तार तुटली, कारण सगळे वाकणे दोन मिलिमीटरांच्या जागेत एकवटले आणि उरलेली तार नुसतीच बघत राहिली. समजा एका पोलादी पट्टीची खालची कड घट्ट धरली आहे आणि वरची कड, तीही तितकीच घट्ट धरून, बाजूला सरकवली आहे. अशा पट्टीत वाकवणारा जोर दोन्ही टोकांशी सर्वाधिक असतो आणि मध्यावर शून्य होतो. पट्टी सरळ आयताकृती असेल तर फक्त टोके यील्ड होऊन लवकर फाटतील. म्हणून ती टोकांशी रुंद आणि मध्ये चिंचोळी, डमरूसारखी कापतात. जिथे जोर जास्त तिथे पोलाद जास्त, त्यामुळे जवळजवळ सगळी पट्टी एकाच वेळी यील्ड होते आणि प्रत्येक भाग कामाला लागतो. अशा पट्ट्या ओळीने लावून तिरक्या आधाराच्या माथ्यावर, वरच्या तुळईच्या खाली बसवतात. १९८५च्या भूकंपानंतर मेक्सिको सिटीत जुन्या इमारती बळकट करताना त्या वापरल्या गेल्या. पट्टीचे एकच टोक पक्के धरायचे असेल तर हाच हिशेब त्रिकोणी पट्टी देतो. याशिवाय चौकोनी पोलादी पत्रा त्याच्या प्रतलातच कातरला जाईल, म्हणजे वरची आणि खालची कड उलट दिशांना सरकून तो तिरका होईल, असे बसवलेले डॅम्परही आहेत. पत्रा फुगून सुरकुतू नये म्हणून त्याला मागून ताठ पट्ट्या जोडाव्या लागतात.

सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार मात्र बाहेरून एखाद्या साध्या तिरक्या दांड्यासारखा दिसतो. चौकटीत कर्णाच्या दिशेने बसवलेला पोलादी दांडा ओढला असता चांगला यील्ड होतो, पण दाबला असता मध्येच बाहेर वाकतो. पातळ पट्टी दोन तळव्यांमध्ये धरून दाबली की जे होते तेच. असा दांडा एका दिशेला ऊर्जा जिरवतो, उलट दिशेला जवळजवळ काहीच करत नाही, आणि काही फेऱ्यांत वाकलेल्या जागी तुटतो. जपानमध्ये यावर निघालेला उपाय असा: पोलादाची गाभ्याची पट्टी एका चौकोनी नळीच्या आत ठेवायची आणि मधली जागा सिमेंटच्या मसाल्याने भरायची. दाबाखाली पट्टी बाहेर वाकू पाहते तेव्हा मसाला आणि नळी तिला जागेवर धरतात, त्यामुळे तिला सरळ राहूनच आखूड होणे भाग पडते.

यातली खरी खुबी पट्टी आणि मसाला यांच्यामधल्या पातळ थरात आहे. मसाला पट्टीला चिकटला, तर भार नळीतही जाईल आणि यील्ड होण्याचे गणित बिघडेल. म्हणून पट्टीवर न चिकटणारे आवरण देतात. शिवाय दाबलेली पट्टी जेवढी आखूड होते तेवढी थोडी जाडही होते. २५ मिलिमीटर जाडीची पट्टी १ टक्क्याने आखूड झाली, तर तिची जाडी सुमारे एक अष्टमांश मिलिमीटरने वाढते. एवढ्याला जागा ठेवली नाही तर पट्टी मसाल्यात अडकते. जागा जास्त ठेवली तर ती आत बारीक लाटांसारखी वाकू लागते. पन्नास टनांचा भार पेलणारी वस्तू, आणि तिचे यश मिलिमीटरच्या अंशांवर अवलंबून! जपानमध्ये १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात असे दांडे इमारतींत येऊ लागले आणि कोबेच्या भूकंपानंतर ते सर्रास दिसू लागले.

पोलादाची निवड हा यातला सर्वांत उलटा वाटणारा भाग आहे. एरवी बांधकामासाठी पोलाद घेताना आपण किमान ताकद विचारतो. दर चौरस मिलिमीटरला किमान २५० न्यूटनची हमी असेल आणि प्रत्यक्षात ते ३०० निघाले, तर कोणाची तक्रार नसते. डॅम्परसाठी मात्र हीच तक्रारीची बाब आहे. डॅम्पर ठरल्यापेक्षा बळकट निघाला, तर तो ठरल्या वेळी वाकणार नाही आणि त्याऐवजी त्याला धरणारा बोल्ट, वेल्डिंग किंवा शेजारचा खांब आधी हार मानेल. म्हणून जपानमध्ये डॅम्परसाठी खास मऊ पोलाद तयार केले गेले. त्याच्या एका जातीची यील्ड ताकद फक्त १०० न्यूटन असते, तीही २० इकडे किंवा २० तिकडे एवढ्याच फरकाने. दुसऱ्या जातीची २२५, त्याच मर्यादेत. कार्बन आणि मिश्रधातूंचे प्रमाण अगदी कमी करून हा मऊपणा आणतात, आणि यातले मऊ पोलाद तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या निम्म्याने लांबू शकते. माझ्या मते डॅम्परचे मर्म इथे आहे. त्याची कमजोरी ही उणीव नसून मोजूनमापून केलेली निर्मिती आहे, आणि कमजोरी नेमकी ठेवणे हे ताकद भरपूर ठेवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

त्यात आणखी एक गुंता आहे. वारंवार इकडे-तिकडे ताणले गेले की मऊ पोलाद कडक होत जाते, आणि भूकंपाच्या शेवटी त्याची ताकद सुरुवातीपेक्षा बरीच वाढलेली असू शकते. म्हणून डॅम्परला धरणारे सांधे त्याच्या सुरुवातीच्या ताकदीवर न आखता, कडक झाल्यानंतरच्या कमाल ताकदीवर आखावे लागतात. या हिशेबात कसूर केली तर बाकी सगळे बरोबर असूनही डॅम्पर निरुपयोगी ठरतो.

डॅम्परने कधी यील्ड व्हावे, हेही ठरवावे लागते. तीन मीटर उंचीचा मजला मोठ्या भूकंपात ३० मिलिमीटरने तिरका होईल असे धरू. पाच मीटर रुंदीच्या चौकटीतला तिरका दांडा तेव्हा सुमारे २६ मिलिमीटर लांबतो. त्याच्या यील्ड होणाऱ्या गाभ्याची लांबी तीन मीटर असेल तर त्याला जवळजवळ ०.९ टक्के ताण बसतो, म्हणजे साध्या पोलादाच्या यील्ड मर्यादेच्या सुमारे सातपट. चौकट स्वतः एवढ्या हालचालीत यील्ड होण्याच्या उंबरठ्यावर असेल, तर तोपर्यंत डॅम्पर बराच आधी कामाला लागलेला असतो. डॅम्पर उशिरा जागा झाला तर तो चौकटीला वाचवू शकत नाही. फार लवकर जागा झाला तर किरकोळ हादऱ्यांतच झिजू लागतो. त्याला धरणारा आधार लेचापेचा असेल तर मजल्याचे सरकणे आधारच गिळून टाकतो आणि डॅम्परपर्यंत काहीच पोहोचत नाही, हीही प्रत्यक्षात होणारी चूक आहे. डॅम्पर इमारतीच्या एकाच बाजूला दाटीने बसवले तर इमारत पिळली जाते. शिवाय पोलादी डॅम्पर यील्ड होण्याआधी इमारतीला अधिक ताठ करतो, आणि ताठ इमारत काही प्रकारच्या जमिनीवर भूकंपाचे अधिक बळ ओढून घेते. म्हणून तयार डॅम्पर आणून कुठेही बसवला की झाले, असे मानणे धोक्याचे आहे.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. यील्ड होण्याइतकी हालचाल होईपर्यंत पोलादी डॅम्पर ऊर्जा जिरवत नाही, त्यामुळे वाऱ्याने डोलणाऱ्या उंच इमारतीतील रहिवाशांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे तेलाचे किंवा रबरासारख्या पदार्थाचे डॅम्पर अधिक योग्य ठरतात आणि अनेकदा दोन्ही एकत्र वापरले जातात. दुसरी मर्यादा तारेने आधीच दाखवलेली आहे, ती म्हणजे थकवा. मोठ्या ताणाखाली पोलाद मोजकेच फेरे सहन करते. ताण निम्मा केला तर फेऱ्यांची संख्या साधारणपणे चौपट होते, पण ती अमर्याद कधीच होत नाही.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाने या बाबीला वेगळेच वजन आणून दिले. केंद्रापासून सुमारे ७७० किलोमीटर दूर असलेल्या ओसाकात जमिनीचे हादरे सौम्य होते. पण तिथली २५६ मीटर उंच साकिशिमा इमारत सुमारे दहा मिनिटे झुलत राहिली आणि तिचा माथा एका बाजूला सव्वा मीटरहून अधिक गेला. तिचा एक झोका सुमारे साडेसहा सेकंदांचा, आणि तिथल्या मऊ गाळाच्या जमिनीची लयही जवळपास तेवढीच. दहा मिनिटांत असे नव्वदच्या आसपास झोके होतात. डॅम्परच्या चाचण्या काही मोठ्या फेऱ्यांच्या हिशेबाने करण्याची जी सवय होती, ती उंच इमारतींसाठी पुरेशी नाही, हे यातून उघड झाले. आता अशा इमारतींच्या डॅम्परबाबत ‘किती ताण सोसेल’ याच्या बरोबरीने ‘किती वेळ सोसेल’ हेही विचारले जाते.

भूकंपानंतर डॅम्परची पाहणी करावी लागते. उघड्या पट्ट्यांवरचा रंग पापुद्र्यांनी उडालेला असेल तर त्या यील्ड झाल्या हे डोळ्यांनी दिसते, आणि कडांशी बारीक चिरा आहेत का ते भिंगाने तपासता येते. नळीत बंद असलेल्या गाभ्याचे तसे नसते. तिथे तो किती सरकला याची खूण ठेवणारी साधी पट्टी टोकाशी आधीच बसवून ठेवणे शहाणपणाचे असते, कारण कमाल सरकणे कळले तर उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच डॅम्परची जागा भिंतीत कायमची चिणून टाकू नये, तिथपर्यंत माणूस आणि पाना दोन्ही पोहोचले पाहिजेत.

डॅम्पर बदलताना दिसणारी एक गोष्ट सगळी रचना उलगडून दाखवते. मोठ्या भूकंपानंतर इमारत कधीकधी किंचित कललेली राहते, कारण वाकलेले डॅम्पर तिला त्या स्थितीत ओढून धरतात. सभोवतालची चौकट मात्र यील्ड झालेली नसेल, तर ती स्प्रिंगसारखी मूळ जागी परत येण्यासाठी जोर लावत असते. अशा वेळी डॅम्परचे बोल्ट एकेक करून, आळीपाळीने आणि जपून सैल करावे लागतात, कारण त्यांत अडकलेला ताण अजून जिवंत असतो. बोल्ट सुटत जातात तशी चौकट डॅम्परच्या पकडीतून मोकळी होत हळूहळू आपल्या जागेकडे सरकते, आणि मग रिकाम्या झालेल्या भोकांत नवे, अजून एकदाही न वाकलेले डॅम्पर बसवता येतात.